दुधीला फुलं भरपूर, पण बोटाएवढा झाला की पिवळा पडून गळतो

परसदार_कुपवाड
१७ ऑगस्ट, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळ कुपवाडला राहते. घरामागं साधारण बारा बाय वीस फुटांची मोकळी जागा आहे, तिथं चार वर्षांपासून घरापुरती भाजी करते. मेथी, पालक, वांगी नीट येतात. भेंडी तर ह्या वर्षी एक दिवसाआड पाव किलो तरी निघते. प्रश्न आहे तो दुधीचा. जरा सविस्तर लिहिते, कारण चुका करून बघायला माझ्याकडं बिया उरलेल्या नाहीत.

हे बी आईकडचं. तासगाव तालुक्यात आमच्या गावी गोठ्याच्या पत्र्यावर दरवर्षी हा वेल चढायचा. बाजारातल्यासारखा लांबसडक दुधी नव्हे. वर बारीक मान, खाली गोल पोट, रंग फिकट पोपटी, आणि शिजवताना पाणी फार सुटत नाही. आता गोठा गेला, त्या जागी भावानं खोल्या बांधल्या. आई त्याच्याकडंच पुण्याला असते. मागच्या वर्षी तिनं राखेत ठेवलेल्या अकरा बिया कागदाच्या पुडीत घालून मला दिल्या आणि म्हणाली, "एवढंच उरलंय." मागच्या वर्षी चार लावल्या, वेल मांडवभर झाला, एकही दुधी हाताला लागला नाही. ह्या वर्षी १६ जूनला परत चार लावल्या, त्यातल्या दोन उगवल्या. आता डबीत तीन आहेत.

दोन्ही वेल जोमात आहेत. आळ्यात दोन-दोन घमेली शेणखत घातलं होतं. बांबू आणि तारेचा मांडव आहे. जुलैच्या शेवटी नुसतीच लांब देठाची फुलं आली, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून फुलामागं इवला दुधी असलेल्या कळ्या दिसायला लागल्या. तेव्हापासून एकूण चौदा गळाले. करंगळीएवढे होतात, पिवळे पडतात, संपले.

मी काय काय करते तेही सांगते. पाणी सकाळी, घरच्या बोअरचं. चुलीतली राख आठवड्यातून एकदा आळ्यात. निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, साबणाच्या पाण्यात फेटून, आठवड्यातून दोनदा फवारते. तेही संध्याकाळी साडेपाच-सहाला, कारण मधमाश्या नसताना फवारावं असं सगळीकडं सांगतात. एका दुकानातून फुलगळ थांबवायचं टॉनिक आणलं, साडेतीनशे रुपये गेले, काही फरक नाही. मधमाश्या भेंडीवर दिसतात, दुधीवर एकही नाही. सकाळी सातला मी बागेत जाते तेव्हा दुधीची फुलं मलूल होऊन लोंबत असतात.

मी घरी शिवणकाम करते, त्यामुळं दिवसभर घरातच असते. वेळ द्यायची माझी तयारी आहे. काय चुकतंय ते सांगा.

कोयनाकाठ
१८ ऑगस्ट, सकाळी ६.४०

ताई, सविस्तर लिहिलंत हे फार बरं केलंत. "दुधी गळतोय, औषध सांगा" एवढंच विचारलं की दहा जण दहा बाटल्या सुचवतात. मी कराडचा. शेती खात्यात कृषी सहायक म्हणून नोकरी झाली, आता घरामागं तुमच्याएवढीच बाग आहे.

आजपासून गळालेला एकही दुधी फेकू नका. विळीवर उभा चिरा आणि आत बघा. दुधी ह्या वयात गळतो त्याची मुख्य कारणं दोन, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

एक म्हणजे परागच पोचला नाही. अशा वेळी दुधी फुलाकडच्या टोकापासून पिवळा पडतो, सुरकुततो, आणि चिरला तर आतून पांढरा, स्वच्छ, कोरडा निघतो. दुसरं म्हणजे फळमाशी. तिचा डंख सालीवर टाचणीनं टोचल्यासारखा दिसतो, त्यातून डिंकासारखा थेंब येऊन वाळलेला असतो, दुधी त्या बाजूला वाकडा होतो. चिरला की आत कुजका वास आणि पांढऱ्या बारीक अळ्या. आपल्याकडं पावसाळी दमट हवेत ही माशी फार.

मोजून सांगा, किती स्वच्छ आणि किती अळीचे. मग पुढचं बोलू. माझा अंदाज झाला आहे, पण तुम्ही बघितल्याशिवाय सांगत नाही.

गच्चीवरची_शेती_सातारा
१८ ऑगस्ट, सकाळी ९.०५

ताई, तुम्ही ३जी कटिंग केलंय का? दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलं जास्त येतात, बगलफुटीवर मादी फुलं वाढतात. मुख्य वेल मांडवाला पोचला की शेंडा खुडायचा, मग येणाऱ्या फुटीचाही बारा-पंधरा पानांवर शेंडा खुडायचा. त्याच्यावर ज्या फुटी येतात त्यांना मादी फुलं भरपूर. आमच्या गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये मी असंच करतो.

परसदार_कुपवाड
१९ ऑगस्ट, दुपारी २.३०

काका, काल आणि आज मिळून वेलाखालचे आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलेले असे अकरा सापडले. सगळे चिरले. आठ आतून स्वच्छ पांढरे. तिघांत अळ्या. त्या तिघांवर तुम्ही सांगितलंत तसा डिंकाचा थेंब होता. इतके दिवस तो मला वेलाचाच चीक वाटायचा.

साताऱ्याच्या दादा, शेंडा खुडलेला नाही. पण मादी फुलं कमी नाहीत हो, आत्ता मोजली तर दोन्ही वेलांवर मिळून नऊ कळ्या आहेत. धरत नाहीत हीच अडचण आहे.

कोयनाकाठ
१९ ऑगस्ट, संध्याकाळी ४.५०

अकरातले आठ स्वच्छ, म्हणजे तुमचा मुख्य प्रश्न परागाचा आहे. शेंडे खुडायला आत्ता हात लावू नका. कळ्या आहेत तेवढ्या धरल्या तरी मांडव भरेल.

आता नीट वाचा. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. भोपळा, काकडी, कारलं ही पहाटे-सकाळी उमलतात, त्यांच्यावर मधमाश्या काम करतात. दुधी आणि दोडका ह्यांची तऱ्हा वेगळी. दुधीची कळी ऊन कलल्यावर सैल व्हायला लागते, दिवेलागणीला पूर्ण उघडते, रात्रभर पांढरीशुभ्र राहते आणि सकाळी उन्हं वर आली की मान टाकते. पांढरा रंग आहे तो अंधारात दिसावा म्हणून. रात्री येणारे मोठे पतंग त्याचा पराग नेतात. तुम्ही सकाळी सातला बघता ती कालची फुलं.

आणि साडेपाच-सहाला तुम्ही निंबोळी तेल मारता. संध्याकाळी फवारा हा सल्ला चुकीचा नाही, वांगी-भेंडीला तोच योग्य. पण दुधीच्या बाबतीत नेमक्या उमलत्या कळीवर तेल बसतं. पराग ओला होतो आणि तेलाच्या वासानं पतंगही लांब राहतात. दुधीला फवारायचंच असेल तर फुलं मिटल्यावर, सकाळी नऊच्या आसपास, ढगाळ दिवस बघून, पानांच्या खालच्या बाजूनं. तापलेल्या उन्हात तेल मारू नका, पानं करपतात.

उद्यापासून हातानं पराग लावा. दुपारी चारला मांडवाखाली जा. त्याच संध्याकाळी उमलणारी कळी ओळखू येते: पाकळ्यांचं टोक पांढरं दिसायला लागलेलं, फुगीर. मादी कळीच्या मागं लव असलेला इवला दुधी, नराचं देठ लांब आणि बारीक. साडेसहा-सातला दोन्ही उघडली की नर फूल देठासकट तोडा, त्याच्या पाकळ्या काढून टाका, मधला पिवळा दांडा राहील. बोटाला लावून बघा, पिवळी पूड लागली पाहिजे. तो दांडा मादी फुलाच्या आतल्या तिन्ही हिरवट गोळ्यांवर अलगद, सगळीकडून फिरवा. तीनपैकी एकच माखला तर दुधी वाकडा धरतो. एक नर दोन माद्यांना पुरतो.

हे वाण जपायचं म्हणता, तर आणखी एक करा. ह्या वेलाचा नर त्या वेलाच्या मादीला लावा. आणि पराग लावून झाला की मादी फुलाच्या पाकळ्या परत मिटवून सैल दोरा बांधा, म्हणजे रात्री दुसऱ्या कुणाच्या दुधीचा पराग आत जाणार नाही. आजूबाजूला कुणाकडं दुधी आहे का?

अळीच्या तीन दुधींबद्दल: ते कंपोस्टमध्ये टाकत होतात ते बंद करा. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि तिथून नवी माशी निघते. म्हणजे तुम्ही त्यांना घर करून देत होता. गळालेले दुधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा, ऊन नसेल तर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा. मांडवाखालची माती वरवर हलवा. कृषी सेवा केंद्रात वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे फळमाशीला वासानं ओढणारा, सापळा मिळतो, एक आणा. आंब्याचा सापळा वेगळा असतो, तो चालणार नाही. सापळ्यात नर माश्याच येतात, म्हणून त्याच्या जोडीला धरलेल्या दुधीला कापडाची पिशवी घाला. तुम्ही शिवता, तेव्हा ते तुम्हाला मी सांगायला नको.

क्षारपड_पलूस
१९ ऑगस्ट, रात्री ९.२०

राम राम. काकांनी परागाचं सांगितलं, ते बरोबरच आहे. मी दुसऱ्या गोष्टीवर अडकलोय. बोअरचं पाणी आणि राख.

ताई, बादलीला आतून पांढरा थर धरतो का? आळ्याची माती वाळली की वर पांढुरकं मिठासारखं येतं का? दुधीच्या जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वळतात का? आणि तुमच्याकडं श्रावणघेवडा कधी आला होता का?

हे विचारतो कारण आमचं अडीच एकर ह्यातच गेलंय. पलूस, वाळवा, मिरज ह्या पट्ट्यात उसाला पाटानं पाणी देऊन देऊन खालचं पाणी वर आलं. काळ्या मातीतून ते वर चढतं, हवेनं उडून जातं, मीठ वर राहतं. वडिलांच्या काळात तिथं हळद व्हायची. आता निचऱ्याच्या पाइप टाकून परत सुधारायला घेतलंय, हळूहळू येतंय. त्यामुळं कुणी काळ्या मातीत राख टाकतो म्हटलं की मला राहवत नाही. राख तांबड्या, आंबट मातीला चांगली. आपली माती आधीच अल्कलीकडं झुकलेली, त्यात खारं पाणी, त्यात राख. म्हणजे मिठात मीठ.

परसदार_कुपवाड
१९ ऑगस्ट, रात्री ९.५५

दादा, तुम्ही माझ्या घरी येऊन बघून गेल्यासारखं लिहिलंय. बादलीला थर धरतो. पानांच्या कडाही तशाच आहेत, मला वाटायचं ऊन लागलं. घेवडा दोन वर्षं लावला, हातभर होऊन वाळला. पालक मात्र कसाही येतो.

क्षारपड_पलूस
१९ ऑगस्ट, रात्री १०.३०

तेच. घेवड्याला मीठ अजिबात सोसत नाही, पालक आणि बीट बऱ्यापैकी सोसतात. तुमच्या बागेनंच तुम्हाला माती परीक्षण करून दिलंय. तरी दिवाळीच्या आधी एकदा माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. जिप्सम वगैरे त्याआधी कुणाच्या सांगण्यावरून टाकू नका. माती नुसती खारवट आहे की चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालीय, ह्यावर ते ठरतं.

आत्ता करण्यासारखं पावसाचं पाणी. एक चौरस मीटर छतावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या घराचं छप्पर तीस चौरस मीटर धरलं तर दहा मिलीमीटरच्या एका सरीत तीनशे लिटर. सांगलीला वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलीमीटर, कोकणासारखा नाही, पण दोन वेलांना डोक्यावरून पाणी. पन्हाळीखाली दोन पिंपं ठेवा. झाकण किंवा बारीक जाळी हवीच, डासांसाठी.

आणि बोअरचं पाणी द्यायची वेळ आली तर रोज थोडं थोडं देऊ नका, त्यानं मीठ मुळाशी साठतं. तीन-चार दिवसांनी एकदा, भरपूर, खाली मुरेल असं. वर चार बोटं उसाचं पाचट अंथरा, म्हणजे उडून जाणारं पाणी थांबतं आणि मीठ वर येत नाही. पाचट कुपवाडला मिळत नसेल तर सांगा, आमच्याकडं रानात पडलंय. लोक पेटवून देतात, बघवत नाही.

परसदार_कुपवाड
२० ऑगस्ट, रात्री ८.४०

हात अजून पिवळे आहेत, पण आत्ताच लिहिते.

आमच्याकडं साडेसहाला मागचं दार लागतं. डास, हे एक कारण. दुसरं म्हणजे सासूबाई. तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये, झाडं झोपतात, असं त्या मानतात आणि मीही लग्न होऊन आले तेव्हापासून मानत आले. त्यामुळं चार वर्षांत अंधार पडल्यावर मी माझी बाग बघितलेलीच नव्हती.

आज त्यांना काकांचं सगळं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. पावणेसातला मी दार उघडलं तर बॅटरी घेऊन त्याच माझ्यामागं आल्या.

मांडवावर सतरा फुलं उमलली होती. सकाळी जी मेल्यासारखी लोंबतात तीच. तळहाताएवढी, पातळ, पांढरी, आणि थोडा वाससुद्धा होता. मी दोन वर्षं समजत होते की ह्या वेलाचं फूल मुळातच असं मलूल असतं. सासूबाईंनी बॅटरी वर धरली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे कुठं झोपलंय, हे तर आत्ता उठलंय."

दोन मादी फुलं उघडली होती. दुसऱ्या वेलाचे नर आणून लावले. पहिल्यांदा हात इतका थरथरला की पूड खाली सांडली, मग दुसरं फूल घेतलं. पाकळ्या मिटवून लाल रेशमी दोऱ्यानं बांधल्या. आम्ही आत वळणार एवढ्यात एक पतंग आला. केवढा मोठा! फुलासमोर हवेत एकाच जागी उभा राहून सोंड आत घालत होता. आज मी फवारलेलं नव्हतं.

शेजारी दोन घरं सोडून दुधी आहे, दुकानातल्या बियाण्याचा, लांब. म्हणजे दोरा बांधायलाच हवा, ना?

कोयनाकाठ
२१ ऑगस्ट, सकाळी ६.१५

हवाच. तुम्ही खाणार तो दुधी तुमच्या वेलासारखाच निघेल, शेजारच्या परागानं त्याच्या चवीत फरक पडत नाही. फरक आतल्या बियांत पडतो आणि तो पुढच्या वर्षी दिसतो. लोक म्हणतात "बी बिघडलं", ते असं बिघडतं.

तीन-चार दिवस फूल बांधलेलंच राहू द्या. दुधी धरला तर देठ जाड होऊन खाली वाकतो आणि लव चकाकते. नाही धरला तरी खचून जाऊ नका, वेलही आपल्या ताकदीपुरतेच धरतो.

मेणवली_घाट
२१ ऑगस्ट, दुपारी १२.१०

मी वाईजवळ मेणवलीला असते. पतंगाचं वाचलं आणि लिहायला बसले. आमच्याकडं दोडक्यावर येतो तो.

पावसाचं काय करता? आमच्याकडं वाईला ह्या दिवसांत संध्याकाळी हमखास सर येते आणि भिजलेला पराग उपयोगाचा नाही. मी दुपारी चारला फुगलेल्या नर कळ्या लांब देठासकट तोडून आणते आणि स्वयंपाकघरात पेल्यात पाणी घालून ठेवते. सातच्या सुमाराला त्या पेल्यातच उमलतात, पराग कोरडा मिळतो. मादी कळीवर दुपारीच कागदाची छोटी पिशवी उलटी घालते, चिमटा लावते. पाऊस थांबला की पिशवी काढायची, पराग लावायचा, परत घालायची.

आणि दुधी काढायचा कधी, तेही सांगून ठेवते, कारण पहिला दुधी माणूस प्रेमानं वाढवत बसतो आणि जून करतो. पराग लावल्यापासून बारा ते पंधरा दिवस धरा. नख सालीत सहज रुतलं पाहिजे आणि अंगावर लव असली पाहिजे. लव झडून साल गुळगुळीत चकचकीत झाली की आत बिया धरल्या समजा. ओढून तोडू नका, वेलाची फूट मोडते. दोन बोटं देठ ठेवून सुरीनं कापा, सकाळी दव उतरल्यावर. एक काढला की पुढचा धरतो, मांडवावर जून दुधी लोंबत ठेवला की वेल थांबतो.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. घरचं असो, आईचं असो, प्रत्येक दुधी चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकून टाकायचा आणि दुधी अख्खा फेकायचा. कुणाला, गुरालासुद्धा घालायचा नाही. शिजवून कडूपणा जात नाही आणि त्यातलं विष पोटात गेलं तर रक्ताच्या उलट्यांपर्यंत जातं. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनंही लोकांना सावध केलं होतं. कडू नसेल तर साल टाकू नका. बारीक चिरून तिळाबरोबर, लसूण आणि हिरवी मिरची घालून, तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परता. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

परसदार_कुपवाड
२६ ऑगस्ट, सकाळी ८.००

लाल दोऱ्याच्या दोनपैकी एक धरला. देठ वाकलं, बोटाचा अंगठा झाला, लव चकाकते. दुसरा पिवळा पडला, चिरून बघितला, स्वच्छ होता. तोच पहिला, ज्याच्यावर पूड सांडली होती. २१ आणि २२ ला संध्याकाळी पाऊस होता. काकूंची पेल्याची युक्ती केली, उमलली कळी पेल्यात! सासूबाई खुर्ची घेऊन समोर बसून होत्या. २२ चे दोन्ही धरलेत असं वाटतं.

दर दिवसाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधते, वहीत लिहून ठेवते. ब्लाउजच्या अस्तराचे तुकडे उरतात त्यांच्या पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी. सापळ्यात चार दिवसांत सदतीस माश्या. पलूसच्या दादांचं पाचट पोचलं, पोतं उघडताच सगळं घर उसाच्या रानासारखं वासलं. राख बंद.

गच्चीवरची_शेती_सातारा
२६ ऑगस्ट, सकाळी १०.४५

काका, मी दोन वर्षं ३जी कटिंग करून मादी फुलं वाढवत होतो आणि निम्मी गळत होती. काल संध्याकाळी गच्चीवर गेलो. चौथ्या मजल्यावर पतंग फारसे येतच नसावेत, हे कधी डोक्यात आलं नाही. पाच फुलांना पराग लावला.

परसदार_कुपवाड
३ सप्टेंबर, दुपारी १.२०

चौदा दिवस झाले. आज सकाळी साडेसातला कापला. नऊशे चाळीस ग्रॅम. बारीक मान, गोल पोट, फिकट पोपटी. तुकडा जिभेला लावून बघितला, गोड आहे. हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली, फोडणीत कांदा-लसूण मसाला, गूळ नाही. आई अशीच करायची. पाणी सुटलं नाही.

मांडवावर आता पाच आहेत, त्यातले तीन निळ्या दोऱ्याचे, म्हणजे २२ नंतरचे. काका, बियाणाला कुठला ठेवू? मला तर सगळेच ठेवावेसे वाटतात. डबीतल्या तीन बियांची सारखी आठवण होते.

कोयनाकाठ
३ सप्टेंबर, संध्याकाळी ५.३०

सगळे ठेवलेत तर वेल तिथंच थांबेल. आणखी दोन-तीन खा. मग वेलाच्या मधल्या भागातला, आकारानं अगदी आईकडच्यासारखा, डंख नसलेला, हातानं पराग लावून बांधलेला असा प्रत्येक वेलाला एक निवडा. दोन वेल, दोन दुधी. त्यांना वेगळा दोरा बांधा म्हणजे घरात कुणी चुकून कापणार नाही. जमिनीला टेकू देऊ नका, जाळीत तोलून धरा.

वेल वाळेपर्यंत दुधी तसाच राहू द्या. साल लाकडासारखी टणक होते, रंग वाळक्या गवताचा होतो, हलवला की आत बिया वाजतात. त्याला दोन महिने तरी लागतील, दिवाळी उलटून जाईल. मग सावलीत आणखी पंधरा दिवस ठेवा आणि फोडा. एका दुधीत सहज शंभराच्या वर बिया निघतात. पाण्यात टाकून तरंगतील त्या काढून टाका, बुडतील त्या सावलीत खडखडीत वाळवा. कोरड्या राखेत, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. वर्ष लिहा.

डबीतल्या तीन बिया मात्र ह्या वर्षी लावू नका. नव्या बिया हातात येऊन उगवून दिसेपर्यंत त्या तशाच राहू देत.

क्षारपड_पलूस
३ सप्टेंबर, रात्री ८.५०

ताई, बी निघालं तर पाच बिया मला द्या. आमच्या सुधारलेल्या तुकड्याच्या बांधावर लावतो. दुधी फारसं मीठ सोसत नाही हे मला माहीत आहे, पण त्या तुकड्यात ह्या वर्षी मूग आला. आला म्हणजे खरंच आला.

परसदार_कुपवाड
३ सप्टेंबर, रात्री ९.३०

दादा, पाच नाही, पंधरा देते. मेणवलीच्या काकूंना आणि काकांनाही. एकाच घरात राहिलं म्हणून तर ते अकरावर आलं होतं.

बियाणाचे दोन्ही दुधी निवडले. पिवळा दोरा बांधला, सासूबाईंनी स्वतः. आईला फोन लावून मांडव दाखवला. तिला अंधारात नीट दिसेना, म्हणाली, "दिवसा दाखव की." मी म्हटलं, दिवसा नाही, आत्ताच बघ, आत्ता फुललाय. मग बॅटरी जवळ नेली. ती म्हणाली, गोठ्यात रात्री धार काढायला जायची तेव्हा पत्र्यावर ही फुलं असायची, वर बघितलं की दिसायची.